पंखाच्या टोकाला पायाची बोटं

रविवारी आमच्याकडं मटण असलं की आई आधी अळणी रस्सा काढून ठेवते आणि मग तोच रस्सा दोन पातेल्यांत ओतते, एकात कांदा-लसूण चटणीची फोडणी, दुसऱ्यात खसखस आणि नारळाचं दूध. एक तांबडा, एक पांढरा. कोल्हापुरात हे कुणाला सांगायला नको, पण गर्भातल्या पेशींचं मला जे काही कळलं ते या दोन पातेल्यांमुळंच, कारण ओतलं तेच, पातेल्यात आधी काय होतं त्यावर सगळं ठरलं.

शिवाजी विद्यापीठात झूलॉजीला असताना कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड बघायचो, अंडं 24 तास, 33 तास, 48 तास उबवलेली, आणि मला पक्कं वाटायचं की एका पेशीकडून दुसरीला जाणारा 'अमुक हो' असा रासायनिक निरोप, म्हणजे सिग्नल, डोळ्याचा वेगळा, पायाचा वेगळा असणार. तसं नाही. सिग्नल मोजकेच असतात आणि तेच परत परत वापरले जातात. सॉनिक हेजहॉग नावाचं प्रोटीन आहे, हो, व्हिडिओ गेममधलंच नाव, ते मज्जारज्जूत स्नायू हलवणारे न्यूरॉन कुठं तयार होणार ते ठरवतं आणि तेच प्रोटीन हातापायाच्या कोंबात अंगठा कुठल्या बाजूला, करंगळी कुठल्या बाजूला हेही ठरवतं.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग अमेरिकेतल्या जॉन सॉन्डर्स यांचा. अंडं उबवायला ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी पंखाचे आणि पायाचे कोंब दिसायला लागतात, दोन्ही साधारण सारखेच, छोटे फुगवटे, आणि प्रत्येकाच्या टोकाला पेशींची एक जाडसर कड असते. ही कड काढली तर पंख अर्धवटच राहतो हे सॉन्डर्सनी 1948 मध्ये दाखवलं होतं, म्हणजे वाढीचा सिग्नल तिथूनच येतो. नंतर 1957 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जिथं मांडी होणार होती तिथल्या आतल्या पेशी उचलल्या आणि पंखाच्या कडेखाली ठेवल्या. आता काय व्हावं, मांडी की पंखाचं टोक? झाली पायाची बोटं, नखांसकट! कडेनं सांगितलं 'इथं टोक आहे', पेशींनी ते ऐकलंसुद्धा, म्हणून मांडी झाली नाही, पण आपण पायाच्या आहोत हे त्या विसरल्या नव्हत्या.

हे लक्षात राहतं कसं, तर पायाच्या कोंबात टीबीएक्स-4 हा जीन चालू असतो आणि पंखाच्या कोंबात टीबीएक्स-5. डीएनए सगळीकडं तोच, पण त्यातला कुठला भाग उघडा आणि कुठला घट्ट गुंडाळलेला हे सिग्नल यायच्या आधीच ठरत आलेलं असतं, आणि सिग्नल पोचला तरी उघड्या जीन्सवरच त्याचं काम चालतं. सिग्नलला प्रतिसाद द्यायच्या या तयारीला कॉम्पिटन्स म्हणतात, आणि ती कायम टिकत नाही, वेळ टळली की तोच सिग्नल देऊनही पेशी ढिम्म.

सॉन्डर्स यांच्या प्रयोगांच्याही आधी, 1932 मध्ये, जर्मनीत श्पेमान आणि शोटे यांनी बेडकाच्या गर्भाची पोटाकडची कातडी न्यूटच्या गर्भात तोंडाच्या जागी बसवली होती. न्यूट म्हणजे पाण्यातल्या पालीसारखा दिसणारा प्राणी, त्याच्या पिल्लाला खरे दात असतात, तर बेडकाच्या पिल्लाला शिंगासारखे कडक जबडे आणि चिकटायला सकर. न्यूटच्या पेशींनी सांगितलं 'तोंड कर', आणि पोटाची कातडी होणाऱ्या त्या पेशींनी खरंच तोंड केलं, फक्त त्यांच्याकडं तोंड म्हणून जे होतं तेच, म्हणजे न्यूटच्या डोक्यावर बेडकाचं तोंड, कडक जबडे आणि सकरसकट.