गॉयटाइन यांचे भारत-पुस्तक का रखडले?

ज्यावर देवाचे नाव असू शकते असा कागद ज्यू फेकून देत नाहीत. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या, बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) असे कागद टाकायची एक खोलीच होती, गनिझा. पुस्तकाला पाय लागला की हात कपाळाला नेणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पण तिथे पोथ्यांबरोबर पत्रे, हिशेब, काडीमोडाचे कागदही साठत गेले. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेक्टर यांनी त्यातले सुमारे १,९३,००० तुकडे तिकडे नेले. शेक्टरना ओढ धर्मग्रंथांची. बाजारातल्या चिठ्ठ्यांना वाली मिळायला वेळ लागला.

तो वाली म्हणजे इतिहासकार श्लोमो डोव्ह गॉयटाइन. जन्म १९००, बव्हेरिया. फ्रँकफर्टला ते ज्या योझेफ होरोविट्स यांच्याकडे अरबी शिकले, ते आधी अलिगढला शिकवत होते. १९२३ मध्ये गॉयटाइन पॅलेस्टाइनला गेले आणि येमेनी ज्यूंच्या म्हणी, बोली टिपत राहिले. माझ्या मते खरी तयारी इथेच झाली. गनिझातल्या पत्रांची लिपी हिब्रू, पण भाषा पेठेतली अरबी. ती नुसत्या कोशातून उलगडत नाही.

१९५०च्या सुमारास भारताशी चालणाऱ्या व्यापाराचे कागद हाती आले आणि त्यांनी त्यावर पुस्तक योजले, तेच भारत-पुस्तक. मात्र हे व्यापारी ज्या समाजातून निघाले तो कळल्याशिवाय पुढे जाता येईना. म्हणून भारत बाजूला ठेवून त्यांनी भूमध्यसागरी समाजावर लिहायला घेतले. १९५७ पासून मुक्काम अमेरिकेत. त्या कामाचे पाच खंड झाले, आयुष्य त्यात गेले.

भारत-पुस्तकाबरोबर बाजूला पडलेल्या व्यापाऱ्यांत होता अब्राहम बेन यिजू, मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा. मंगळुरात त्याचा काशाच्या भांड्यांचा कारखाना होता. एडनहून मोडकी भांडी यायची, नवी घडवून परत जायची. १७ ऑक्टोबर ११३२ ला त्याने तिथेच अशू नावाच्या दासीला मुक्त केले. पुढे तिच्याशीच लग्न केले असावे. मंगळुरात कागद दुर्मीळ, त्यामुळे एडनचा व्यापारी मदमून साखर-मनुकांसोबत कोरे कागदही भेट धाडी. तरी ते पुरत नसत. आलेल्या पत्रांच्या पाठीवरच बेन यिजू हिशेब मांडी, कधी कविताही खरडी.

गॉयटाइन १९८५ मध्ये वारले. भारत-पुस्तक अभ्यासक मॉर्डेखाय फ्रीडमन यांनी पुरे केले आणि ते २००८ मध्ये लायडनहून निघाले.