गिरमिटिया म्हणजे गुलामच का?

मॉरिशस नाहीतर त्रिनिदादच्या भारतीयांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, त्यांना गुलाम करूनच नेलं होतं ना. तर नाही, गिरमिटिया, म्हणजे करारावर मळ्यांत कामाला नेलेले भारतीय मजूर, वेगळे आणि अटलांटिकपार विकलेले आफ्रिकन गुलाम वेगळे, आणि हे दोन एकत्र कालवले की दोघांवरही अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

घोळ का होतो ते कळतं. मालक तेच, उसाचे मळे तेच. ब्रिटिश वसाहतींत गुलामी बंद करणारा कायदा 1834 ला लागू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. प्रवासही जीवघेणा, 1856-57 ला कलकत्त्याहून कॅरिबियनला निघालेल्यांतले शंभरात सतरा वाटेतच गेले.

पण आफ्रिकन माणूस जहाजावर चढवला जायचा तो माल म्हणून, त्याचा विमा उतरवायचे. 1781 ला 'झाँग' जहाजावरून, पाणी पुरणार नाही असं सांगून, 130 च्या वर जिवंत माणसं समुद्रात फेकली आणि लिव्हरपूलच्या मालकांनी त्यांची भरपाई मागितली, कोर्टात केस चालली ती पण विम्याची, खुनाची नाहीच. शिवाय ही गुलामी पिढीजात, व्हर्जिनियात 1662 लाच कायदा झाला की आई गुलाम तर मूलही गुलाम. साधारण सव्वा कोटी लोक असे जहाजांत भरले, त्यातले 18 लाखांच्या आसपास वाटेत मेले.

गिरमिटियाचा करार असायचा, बहुतेक पाच वर्षांचा, पगार ठरलेला, पोरं जन्मानं बांधलेली नाहीत. आता फसवून अंगठा घेतलेले कितीतरी होते, मॉरिशसला एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे कापायचे, काम सोडून गेलं तर जेल, त्यामुळे "नोकरीला गेले होते" म्हणणं पण तितकंच चूक. तरी कागदावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, जात असं सगळं यायचं, म्हणून कोकणातून मॉरिशसला गेलेल्यांचे पणतू आज तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या रेकॉर्डमधून आपलं गाव शोधू शकतात. जमैका-ब्राझीलच्या आफ्रिकन वंशाच्या बहुतेक घरांना ती सोयच नाही, जहाजाच्या वहीत पुरुष किती, बाया किती, पोरं किती, बस एवढंच.

गुलामी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारनं 2 कोटी पौंड दिले ते मालकांना, गुलामांना काही नाही. गिरमिट, म्हणजे करारावर मजूर नेण्याची ही पद्धत, बंद करायचा ठराव आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1912 ला मांडला, सरकारी बहुमतानं तो पाडला, भरती थांबायला 1917 उजाडलं.