चौथा रकाना

"मागल्या साली बी पोरं आलती. समदं लिवून न्येलं. म्होरं काय केलं त्याचं?"

दिवाळीची सुट्टी संपल्यावर दुसऱ्या वर्षाच्या सहा मुलामुलींना घेऊन जावळी तालुक्यातल्या एका कातकरी वस्तीवर गेलो होतो. तिथल्या आजींनी चूल फुंकता फुंकता हे विचारलं. एक मुलगी खरं तेच बोलली, "सबमिट केलं असेल, आजी."

"म्हंजी?"

सबमिट झालेली फाइल दोन-तीन वर्षं कपाटात पडते आणि मग रद्दीत जाते, हे मला ठाऊक होतं. सांगायची लाज वाटली.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा झाला, ते बरंच झालं. मात्र त्यामागून प्रकल्प आला आणि प्रकल्पामागून छापील तक्ता. आमच्या तक्त्यात चार रकाने होते: वनस्पतीचं स्थानिक नाव, उपयोग, वापरायचा भाग आणि ती कुठे मिळते. झाडं मोजणाऱ्याला झाडाची परवानगी लागत नाही. आम्ही मात्र माणसांच्या डोक्यातलं उतरवून घ्यायला निघालो होतो, आणि परवानगीसाठी तक्त्यात एकही ओळ नव्हती.

एका मुलाने लिहिलं, 'कडूकंद: उकडून खातात.' काय लिहिलंस ते वाच म्हणाल्या, आणि ऐकून आजींनी कपाळाला हात लावला. पातळ चकत्या करायच्या, चुलीतली राख घालून उकडायच्या, मग पाटीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी एक चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर पाटी पुन्हा ओढ्यात. या कंदातली काही कडू द्रव्यं यकृताला अपाय करतात. उकळी, राखेचा खार आणि वाहतं पाणी वापरून ती काढून टाकायची ही रीत म्हणजे रसायनशास्त्रच आहे, फक्त काचेची भांडी नाहीत. 'उकडून खातात' एवढंच वाचून कुणी घरी करून बघितलं असतं तर? लिहिलेलं जिचं आहे तिला ते वाचून दाखवायचं, हा नियम आम्हाला त्या चुलीपाशी मिळाला. पुस्तकात तो आधीपासून असेलही, पण आम्ही तो पाळत नव्हतो.

चौथ्या रकान्याचं दुखणं वेगळं. सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. नावच सांगतं, वास कसा असेल ते. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत १९६६ मध्ये हे द्रव्य एका चिनी झाडातून वेगळं केलं. (वाणी मूळचे नंदुरबारचे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते का नाहीत, कोण जाणे.) त्यातूनच पुढे टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं निघाली. नरक्यात तेच द्रव्य चिनी झाडापेक्षा जास्त सापडतं, असं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. पुढे सह्याद्रीत नरक्यावर चोरट्या कुऱ्हाडी पडू लागल्या. संशोधकांनी चूक केली असं मी म्हणत नाही. पण काय मिळतं हे एकदा कळलं की तोडणाऱ्याला 'कुठे' एवढंच हवं असतं, आणि ते आमची मुलं सुवाच्य अक्षरात लिहून देत होती. शिवाय मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश न विचारताच जाऊन बसतात.

मग लिहूच नये का? याचं उत्तर सांगलीच्या बाजारात रोज पोत्यांनी उतरतं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद भरणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हा उपयोग सांगितला असता. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परक्या देशातली नुसती वहिवाट धरत नसत, छापील दाखवावं लागे. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मधला एक भारतीय वैद्यकीय लेख हळदीच्या पाठीशी उभे राहिले. आजींच्या रानातल्या एखाद्या पाल्याच्या पाठीशी असं कोण आहे?

म्हणजे लिहिलं तर झाड जातं आणि न लिहिलं तर हक्क. काय लिहायचं आणि काय पोटात ठेवायचं हे ठरवायचं कुणी, एवढाच प्रश्न उरतो. मास्तरांनी नक्कीच नाही.

केरळातल्या काणी आदिवासींची गोष्ट मी मुलांना बसमध्ये सांगितली. १९८७ मध्ये अगस्त्यमलाईच्या डोंगरात शास्त्रज्ञ दमले, तरी सोबतचे काणी वाटाडे ताजेतवाने. ते कसलीतरी फळं खात होते. आधी सांगायला तयार नव्हते, मग आढेवेढे घेत त्यांनी आरोग्यपच्चा नावाची वनस्पती दाखवली. त्यातून 'जीवनी' हे औषध झालं. १९९५ मध्ये १० लाख रुपये आणि २ टक्के रॉयल्टीवर त्याचा परवाना एका औषध कंपनीला दिला गेला, आणि त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. जगभर या वाटणीचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण गुपित उघडलं ते दोघातिघांनी. काणींच्या इतर वस्त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांच्यातल्या काही वैदूंना ते मुळीच पटलं नाही. पैशाची वाटणी नंतर करता येते. 'हो' म्हणायची वेळ मात्र एकदाच येते, आणि ती सगळ्यांची असते.

कायदा आपल्याकडे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवजातींची आणि त्यांच्याविषयीच्या ज्ञानाची वही, आली. २००६ चा वनहक्क कायदा पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य करतो. पण नोंदवह्या रखडल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली, चुकणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं, आणि मग एकच धांदल उडाली. असल्या घाईत आजी भाकऱ्या थापून मोकळ्या होईपर्यंत थांबायला कुणाला सवड असणार?

दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली. परत येतो म्हणून गेलेले परत आले नाहीत, ही त्यांचीही तक्रार होती.

आम्ही परत गेलो, तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर. सगळी वस्ती जमली. बायकांनी आपसात बोलून अकरा वनस्पतींपैकी दोन यादीतून काढायला सांगितल्या. का, ते आम्ही विचारलं नाही. चौथा रकाना सगळ्यांसाठीच कोरा राहिला. वस्तीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून.

तपासणाऱ्यांनी फाइलवर लाल शाईत 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारला आणि गुण कापले. मुलं चिडली. मीही चिडलो, पण तक्त्याचा नमुना अजून तोच आहे.

एक प्रत वस्तीवर दिली. सातवीतल्या नातीने ती चुलीजवळ बसून मोठ्याने वाचली. कडूकंदापाशी आजींनी तिला थांबवलं.

"राख कसली त्ये लिवलंच न्हाई. कंच्या बी लाकडाची चालत न्हाई ती."

नातीने माझ्याकडे पेन मागितलं.