सेवाभाव जन्मजात नसतो: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची सामाजिक बुद्धिमत्ता कशी घडते?

‘सेवाभाव अंगातच असावा लागतो, तो शिकवून येत नाही,’ असे नर्सिंगच्या प्रवेशाच्या दिवसांत हमखास ऐकू येते. हा समज विज्ञानाला धरून नाही. माणसांना ओळखून त्यांच्याशी शहाणपणाने वागण्याच्या क्षमतेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सामाजिक बुद्धिमत्ता म्हटले. रुग्ण ‘काही त्रास नाही’ म्हणतो, पण त्याची मूठ खाटेच्या दांडीवर आवळलेली असते. ही विसंगती टिपून लगेच नेमका प्रश्न विचारणे, हे त्या क्षमतेचे वॉर्डातले रूप होय.

ही नजर तयार होताना मेंदूत काय बदलते, याचा सुंदर पुरावा २००७ मध्ये तैवानमधील यावेई चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. ॲक्युपंक्चर करणारे डॉक्टर आणि सामान्य व्यक्ती यांना शरीरात सुया टोचल्या जात असल्याच्या चित्रफिती दाखवून मेंदूचे कोणते भाग सक्रिय होतात हे दाखवणारे एफएमआरआय चित्रण करण्यात आले. सामान्य व्यक्तींमध्ये इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्सचा पुढचा भाग, म्हणजे स्वतःला वेदना होतानाही जागे होणारे भाग, सक्रिय झाले; डॉक्टरांमध्ये तसे झाले नाही, उलट भावनांचे नियमन करणारे अग्रखंडातील भाग आणि दुसऱ्याच्या मनाचा वेध घेण्याशी निगडित असलेला, शंखखंड व पार्श्वखंड यांच्या सांध्यावरचा भाग अधिक सक्रिय दिसला. डॉक्टर निर्दय झाले, असा याचा अर्थ मी लावत नाही. स्वतःच्या अस्वस्थतेत अडकलेले लक्ष मोकळे झाले की ते रुग्णाकडे वळू शकते. पहिल्या पोस्टिंगला सुईवरच खिळलेली विद्यार्थिनीची नजर पुढे रुग्णाच्या चेहऱ्याकडे जाऊ लागते, त्यामागे असेच नियमन असावे.

मात्र हेच नियमन प्रमाणाबाहेर गेले तर बधिरता येते. अमेरिकेतील नर्सिंग विद्यार्थ्यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णांशी अधिक संपर्क आलेल्यांची सहानुभूती वर्षभरात अधिक घटलेली आढळली. म्हणजे नुसता अनुभव पुरेसा नाही. इनचार्ज सिस्टर रुग्णाशी कशी बोलते, चूक झाल्यावर विद्यार्थिनीला सर्वांसमोर झापले जाते की बाजूला नेऊन समजावले जाते, एका पाळीत किती रुग्ण वाट्याला येतात, रुग्णाची बोली कळते का आणि झोप किती मिळते, यांवर बरेच अवलंबून असते.

बोटांच्या ठशांवरून मुलाची ‘माणसे जोडण्याची बुद्धी’ सांगणाऱ्या डीएमआयटी चाचण्यांना कोणताही शास्त्रीय आधार नाही. पालकांनी त्यांवर पैसे घालवू नयेत. शास्त्रीय मोजमापालाही मर्यादा आहेत. सामाजिक बुद्धिमत्ता मोजणाऱ्या २००१ मधील ट्रोम्सो प्रश्नावलीत २१ विधाने असून त्यांची उत्तरे विद्यार्थी स्वतःबद्दल स्वतःच देतो. त्यामुळे ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपल्यावर पुढच्या पाळीकडे रुग्णांची माहिती सोपवताना, विद्यार्थिनी केस पेपरवरच्या आकड्यांसोबत रुग्ण काय बोलला आणि काय बोलायचे टाळत होता हेही सांगते का, हे शिक्षिकेने ऐकणे मला अधिक विश्वसनीय वाटते.