ऐच्छिक एचआयव्ही तपासणी

आपल्याला एचआयव्हीचा संसर्ग झाला आहे का, हे जाणण्यासाठी व्यक्तीने स्वतःच्या राजीखुशीने करून घेतलेली चाचणी. आधी माहिती, मग संमती, निकालाबाबत गुप्तता आणि त्यानंतर समुपदेशन, असा तिचा क्रम असतो.

१९८५ मध्ये चाचणी उपलब्ध झाली, तेव्हा तिचा मुख्य उपयोग दान केलेले रक्त तपासण्यासाठी होता. औषध नव्हते, बदनामीची भीती मात्र होती. संमतीचा आग्रह त्यातूनच आला. १९९४ मध्ये झिडोव्हुडीन या औषधाने आईकडून बाळाला होणारा संसर्ग सुमारे दोनतृतीयांशाने घटतो असे दिसले आणि गरोदरपणातील तपासणीला वेगळेच महत्त्व आले. उपचार नसल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते; वेळेवर उपचार मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली येते.

पुढे ‘मागितली तर चाचणी’ ऐवजी ‘नको म्हटले नाही तर चाचणी’ ही पद्धत रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये तिला पाठिंबा दिला. गरोदरपणातील पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीचीही नळी भरली जाते. त्यामुळे तपासणी वाढली हे खरे, पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ‘नको’ म्हणण्याचा हक्क बहुधा कागदावरच उरतो. शिवाय जोडप्यात आधी तपासली जाते ती बाई, म्हणून रोग तिनेच आणला असा ठपकाही तिच्यावरच येतो. पतीची तपासणी यासाठीही महत्त्वाची.

झटपट चाचणीत बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब पट्टीवर टाकून वर द्रावणाचे थेंब सोडतात. साधारण पंधरा-वीस मिनिटांत फक्त नियंत्रण रेषा (पट्टी नीट चालल्याची खूण) उमटली तर प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, आढळलेली नाहीत. दोन्ही रेषा उमटल्या, दुसरी अगदी फिकट असली तरी, पुढच्या चाचण्या करतात. नियंत्रण रेषाच नसेल तर पट्टी बाद. एका चाचणीवरून कुणालाही बाधित ठरवत नाहीत.

संसर्गानंतर काही आठवडे चाचणी नकारात्मक येऊ शकते. हा ‘विंडो पीरियड’. त्यामुळे जोखीम असलेल्या गर्भवतीची तपासणी शेवटच्या तिमाहीत पुन्हा करतात. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून तान्ह्या बाळासाठी ही पट्टी पुरत नाही. विषाणूचा थेट शोध घेणारी पीसीआर चाचणी करावी लागते.