वापरलेल्या कपड्यांचे परदेशी दान

वापरलेल्या कपड्यांचे परदेशी दान : नेसून-घालून झालेले, परंतु अद्याप अंगावर घालण्याजोगे असलेले कपडे परदेशातील गरजूंसाठी, बहुधा एखाद्या संस्थेच्या हाती, मोबदला न घेता देण्याची रीत. नेसून जुन्या झालेल्या वस्त्रास मराठीत ‘जुनेर’ म्हणतात. ‘जुने’ या विशेषणाप्रमाणे त्याचे नाते प्राकृत ‘जुण्ण’ या शब्दाशी जोडले जाते. कोकणात जुनेराचा पहिला वाटा घरातच लागतो. मऊ पडलेल्या सुती लुगड्याची बाळासाठी दुपटी होतात, उरल्यासुरल्याची वाकळ शिवली जाते आणि धड राहिलेले कपडे बोहारणीकडे जाऊन त्यांच्या बदल्यात भांडे येते. जुना कपडा देणे म्हणजे दान, असे येथील रूढीत सहसा समजले गेलेले नाही.

धर्मनिबंधांत (धर्मशास्त्रातील नियम एकत्र करणाऱ्या संस्कृत ग्रंथांत) धार्मिक कृत्यांसाठी ‘अहत’ वस्त्र सांगितले असून नवे, हलके धुतलेले, पांढरे, दशांसह (काठाच्या सुटलेल्या दोऱ्यांसह) असलेले व कोणी न नेसलेले असे त्याचे लक्षण दिले आहे. जीर्ण वस्त्रांचा उल्लेख येतो तो निराळ्या संदर्भात: सेवा करणाऱ्या शूद्रास उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे मनुस्मृतीत (१०.१२५) म्हटले आहे. हे देणे खरे, पण दान नव्हे. देणाऱ्या-घेणाऱ्याची पायरी ठरवणारा तो व्यवहार आहे. गावगाड्यात प्रेतावरील वस्त्र महारांच्या वाट्यास येई, ती रूढीही याच प्रकारात मोडते. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी, ज्या पेहरावावरून व दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते तो टाकून द्यावा, असे त्यांनी स्त्रियांना सांगितले. उतरलेले वस्त्र स्वीकारण्यातील कमीपणाचा प्रश्न कोकणास असा नवा नाही.

वापरलेले कापड कोकणातून समुद्रापार गेल्याचा एक जुना उल्लेख दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाच्या, सुमारे १५१६ मधील मानल्या जाणाऱ्या वृत्तांतात चौलच्या वर्णनात आढळतो. तिकडचे लोक कोरे कापड काही दिवस अंगावर वापरतात, मग ते शुभ्र करून, खळ देऊन परदेशी विकतात आणि म्हणून त्यात काही नग फाटके निघतात, असा त्याचा आशय आहे. यावरून वापरलेल्या वस्त्रांच्या परदेशगमनाचा आरंभ चौलपासून धरण्याचा मोह होतो. तथापि तो माल विकला जात होता, दिला जात नव्हता. खळ देण्यामागचा हेतूही कापड नवे दिसावे हाच असावा. संघटित परदेशी दान विसाव्या शतकात, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मदतकार्यातून वाढले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. नाकेबंदीत सापडलेल्या ग्रीसमधील उपासमारीच्या निमित्ताने ऑक्सफर्ड येथे १९४२ मध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेची मूळ समिती स्थापन झाली व कपड्यांचे संकलन लवकरच तिच्या कामाचा भाग बनले.

दान म्हणून दिलेला कपडा बंदरात पोहोचला की तो माल होतो. आंतरराष्ट्रीय जकात-वर्गीकरणात वापरलेल्या कपड्यांचे शीर्षक ६३०९ असून, वस्तू दान आहे की विक्रीची, यावरून ते बदलत नाही. त्याखाली येण्यास दोन अटी आहेत: वापराच्या खुणा ठळक दिसल्या पाहिजेत आणि माल सुटा, घाऊक स्वरूपात किंवा गासड्या, पोती अशा बांधणीत सादर झाला पाहिजे. चादरी, ब्लँकेटे व पादत्राणे या शीर्षकात येतात. गालिचे येत नाहीत. चिंध्यांचे शीर्षक ६३१० हे वेगळे आहे. हा भेद भारतात फार महत्त्वाचा ठरतो, कारण ६३०९ खालील आयातीस परवाना लागतो, तर पुन्हा घालताच येऊ नयेत अशा रीतीने कापलेले कपडे चिंध्या म्हणून देशात येतात व पानिपत येथे त्यांपासून सूत आणि ब्लँकेटे तयार होतात. कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी जुन्या कपड्यांची प्रतवारी होऊन त्यांतील बराच माल आफ्रिकेकडे पुन्हा निर्यात होतो.

आफ्रिकेतील बाजारांत ही गासडी साधारणपणे ४५ ते ५५ किग्रॅ. वजनाची असते. स्वाहिलीतील ‘मितुंबा’ या नावाचा अर्थच गाठोडी असा आहे, तर झांबियातील ‘सलाउला’ म्हणजे ढीग उपसून निवडणे. घानामधील ‘ओब्रोनी वावू’ या नावाचा अर्थ ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ असा होतो. वर उल्लेखिलेल्या प्रेतवस्त्राच्या रूढीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. या आयातीच्या परिणामांविषयी मतभेद आहेत. १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतील वस्त्रप्रावरणांच्या उत्पादनात झालेल्या घटीपैकी सुमारे ४० टक्के व रोजगारातील घटीपैकी सुमारे ५० टक्के वाटा तिचा होता, असे अर्थशास्त्रज्ञ गार्थ फ्रेझर यांनी २००८ मध्ये मांडले. मानवशास्त्रज्ञ कॅरन ट्रॅनबर्ग हॅन्सन यांनी झांबियातील अभ्यासातून विक्रेते, शिंपी व दुरुस्ती करणारे यांच्या उपजीविकेची दुसरी बाजू दाखविली. आशियातून येणाऱ्या स्वस्त नव्या कपड्यांचा परिणाम वेगळा काढणे अवघड असल्याने हॅन्सन यांचे विवेचन अधिक ग्राह्य वाटते. रवांडाने २०१६ मध्ये या कपड्यांवरील कर किलोमागे ०.२० डॉलरवरून २.५० डॉलरवर नेला. त्यावर अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांची करसवलत स्थगित केली. फिलिपीन्समध्ये अशा आयातीस १९६६ पासून कायद्याने बंदी आहे.

आपत्तीत जुने कपडे नेहमीच उपयोगी पडतात असे नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. कोकणातून पाठवणी करावयाची झाल्यास येथील हवेची वेगळी अडचण असते. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवरही बुरशी येते, आणि दाबून बांधलेल्या गासडीत एखादा नग दमट राहिला तर शेजारचे कपडेही डागाळतात. म्हणून बांधणी पाऊस सरल्यावर, कपड्यांना कडक ऊन दाखवूनच करणे इष्ट असते.