कर्करोग अंथरुणातून पसरत नाही

ताट-वाटी वेगळी, चादर वेगळी भिजत घातलेली आणि पती-पत्नीची अंथरुणे दोन खोल्यांत, अशी मांडणी सोलापुरातल्या कित्येक घरांत कर्करोगाचे निदान होताच कोणी न सांगता होते. तिच्यामागे ‘हा रोग जवळ गेल्याने लागतो’ हा जुना समज असतो. तो चुकीचा आहे.

कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने किंवा शरीरसंबंधाने जोडीदाराला होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही विषाणू संबंधातून पसरतो हे खरे. परंतु पसरतो तो विषाणू, आणि तो बहुधा निदानाच्या कित्येक वर्षे आधी शरीरात आलेला असल्याने आता एकमेकांवर संशय घेण्यात काहीच अर्थ नाही.

बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात जाऊन यंत्राने बाहेरून किरणोपचार घेतलेला रुग्ण घरी किरणोत्सर्गी होऊन येत नाही. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सर्गी आयोडीन हे औषध पोटात दिले असल्यास मात्र काही दिवस अंतर पाळावे लागते. केमोथेरपीनंतर औषधाचा अंश काही दिवस शरीरस्रावांत उतरू शकतो, म्हणून निरोध वापरावा, आणि उपचारकाळात गर्भधारणा टाळावीच. प्लेटलेट्स किंवा पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर संबंधाआधी डॉक्टरांना विचारावे. ओटीपोटावरील किरणोपचारानंतर योनीमार्ग कोरडा व अरुंद होऊ शकतो. त्यावर वंगण व डायलेटर (योनीमार्ग हळूहळू रुंद करणारी गुळगुळीत नळी) हे उपाय आहेत, पण संकोचापोटी ना रुग्ण विचारते, ना पती.

शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराची संबंधाची इच्छा मावळते ती पुष्कळदा जागरणाने. अशा वेळी दीर-नणंदांनी आठवड्यातल्या काही रात्री वाटून घेतल्या, तर तो निदान झोपेल.